सोनकी कायम झाली त्या वर्षी

सांबरखिंड नगरपंचायतीनं सोनकीला कायम केलं, तेव्हा आश्विन अर्धा सरला होता आणि ती भरफुलावर होती.

सोनकी म्हणजे आमच्या पठारावरचं पिवळं रानफूल. गुडघ्याला लागेल न लागेल एवढी उंची, कातरलेल्या कडांची पानं आणि माथ्यावर फुलं. जवळ बसून पाहिलं तर तिचं एक फूल म्हणजे एक फूल नसतंच. मधल्या चकतीत बारीक फुलांचा मेळा दाटीवाटीनं बसलेला असतो आणि कडेच्या पाकळ्या त्याला धरून उभ्या असतात. मी बागेत जन्म काढला, पण इतकी मंडळी एका घरात इतक्या शांतपणे राहताना दुसरीकडं कुठं पाहिली नाहीत.

मी नगरपंचायतीच्या बागेतला माळी. मला येसूनाना म्हणतात. निवृत्त झालो तरी बागेला माझी आणि मला बागेची सवय होती, म्हणून मानधनावर राहिलो.

सोनकी बागेत आली ती आमच्या घरावरून. माझी बायको हौसा पठारावरची. तिच्या माहेराहून एकदा गवताचा भारा आला, त्यात बी होतं. पुढच्या पावसात सोनकी बागेच्या फाटकाशी उभी राहिली आणि काही काम आहे का म्हणून विचारू लागली. तेव्हाच्या साहेबांनी तिला हंगामी म्हणून लावून घेतलं आणि फाटकाजवळची चार हातांची, वावभर दगडी कड तिच्याकडं दिली. ती कड कुणालाच नको होती. गुलाब पुण्याहून कंत्राटावर आलेले. त्यांना खत लागे, फवारणी लागे, आणि कुणी हात लावला की ते तक्रार करत. जास्वंद पहिल्यापासून कायम, त्यामुळं मनाला येईल तेव्हा फुले. सोनकीनं तिथला मुरूम पाहिला आणि हे बरं आहे म्हणाली. मी शेणखत देऊ केलं तर नको म्हणाली. खत खाल्लं की अंगात नुसती पानं भरतात, उंची वाढते आणि मग वाऱ्यात कंबर टिकत नाही, असं तिचं म्हणणं. भाद्रपदात दोन्ही बाजूंना फांद्या टाकून ती कड भरून काढी. गुलाब बघायला आलेली माणसं फाटकातच थांबत. मधमाश्या सकाळी आधी तिच्याकडं हजेरी देऊन मग पुढं जात.

सोनकी एका पावसाची असते. आषाढात उगवते, भाद्रपदात फुलते, कार्तिकात बी सोडून जाते. पुढच्या वर्षी येते ती तिची लेक. हे मला ठाऊक होतं, कारण दरवर्षी ओळख मलाच नव्यानं करून द्यावी लागे. ही झारी, ती मशिदीमागच्या खालाकाकींची शेळी, तिच्यापासून सांभाळून राहायचं, आणि मी येसूनाना. ओळख मुरते न मुरते तोच कार्तिक येई.

कार्यालयाला ही भानगड नव्हती. हजेरीवर नाव तेच, काम तेच, अंगठ्याचा पिवळा डागही तोच. त्यांच्या दृष्टीनं ही एकच बाई, वर्षानुवर्षं हंगामी राबणारी.

त्या वर्षीची जरा बोलकी होती. मी झारी घेऊन बसलो की ती विचारी, कार्तिकानंतर इथं काय असतं. मी थंडीचं सांगे, धुक्याचं सांगे. आंब्याला मोहर येतो हे तिला खरंच वाटत नव्हतं. एवढं मोठं झाड आणि ते फुलतं, यात काहीतरी थट्टा आहे असं तिला वाटे. मी सांगत असलो की तिची सगळी फुलं माझ्याकडं वळलेली असत. उन्हाकडं पाठ करून कुणी आपलं बोलणं ऐकावं, हे माझ्या वाट्याला तोवर आलेलं नव्हतं.

तेव्हाच मुजावर मॅडम मुख्याधिकारी म्हणून आल्या. वयानं लहान, पण माणूस बघणाऱ्या. त्यांचे वडील कुठल्याशा पाणीपुरवठ्यात हंगामी म्हणून लागले होते आणि हंगामीच वारले. मॅडमनी सोनकीची हजेरी पाहिली आणि आस्थापनेच्या कुंभोजकरांना बोलावून घेतलं. कुंभोजकर नियमातला माणूस. खिशाला दोन पेनं आणि डोक्यात सगळी परिपत्रकं. ते म्हणाले की बाईंच्या सेवेत दरवर्षी खंड आहे, कार्तिक ते ज्येष्ठ, सबब कायम करता येत नाही.

"हंगामी माणसाला खंड आपणच देतो, कुंभोजकर," मॅडम म्हणाल्या. "एक दिवस घरी बसवतो आणि परत घेतो, कायम करावं लागू नये म्हणून. हिचा खंड तरी खरा आहे."

कुंभोजकरांनी आठवडाभर मान खाली घालून काम केलं आणि खंड माफ करण्याची तरतूद शोधून काढली. मी त्यांना सांगायला गेलो की ही ती नव्हे, तिची लेक आहे. आणि ती होती तीही तिच्या आईची लेक होती. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, आधार कार्डात तसा बदल केलेला आहे का. सोनकीकडं आधार कार्ड नव्हतं. त्यामुळं बदलही झालेला नव्हता.

कायम झाल्याचा कार्यक्रम बागेतच झाला. पेढे वाटले. नगराध्यक्षांनी नारळ दिला, तो तिच्या मुळाशी ठेवला. हौसा माहेरची म्हणून पुढं झाली आणि तिनं तांदळानं ओटी भरली. बाया डोळे पुसत होत्या. कायम होणं म्हणजे काय, हे आमच्या गावात ज्याला त्याला कळतं. हंगामी म्हणून म्हातारी झालेली माणसं त्या गर्दीत होती, आणि एकाच्याही तोंडावर हेवा नव्हता. फूल झालं म्हणून काय झालं, असं सगळे म्हणत होते.

गर्दी पांगल्यावर सोनकीनं कुंभोजकरांना विचारलं, "साहेब, कायम म्हणजे कुठवर?"

"वयाची अठ्ठावन्न वर्षं पूर्ण होईपर्यंत."

तिनं थोडा विचार केला. "आमच्यात इतकं कुणी केलेलं नाही," ती म्हणाली. "पण बघते."

मला आनंद झाला. पुढच्या पावसात कुणाला काही समजावून सांगावं लागणार नव्हतं. झारी तिच्या ओळखीची असणार होती आणि मीही.

कार्तिक आला. पठार तांबूस पडलं, तिच्या बहिणी बी सोडून मोकळ्या झाल्या. सोनकी मात्र जागची हलली नाही. कायम कर्मचाऱ्याला परवानगीशिवाय मुख्यालय सोडता येत नाही, हे कुंभोजकरांनी तिला पहिल्याच दिवशी वाचून दाखवलं होतं, आणि ती प्रामाणिक घराण्यातली. रोज उजाडता उभी, रोज फुलांवर. मला पाणी चुकवू नये अशी तोंडी सूचना होती, पण त्या सूचनेची गरज नव्हती. मार्गशीर्षात सोनकी बघायला लांबून गाड्या येऊ लागल्या. धुक्यात ती एकटी पिवळी दिसे. लोक मोठ्यानं बोलत नसत. एका बाईंनी चप्पल काढून हात जोडले, तेव्हा सोनकी अवघडली आणि मला म्हणाली, नाना, त्यांना सांगा, मी नुसती कामावर आहे.

पौषात तिची कंबर वाकायला लागली. वाकली तरी ती सकाळी सरळ करी. तिच्या निम्म्या फुलांचं बी पिकलं होतं. पण ती मूठ उघडत नव्हती. एका फांदीला फूल आणि दुसऱ्या फांदीला बंद मूठ, असं तिचं चाललं होतं. पोरं ज्याला म्हातारी म्हणतात तो पांढरा कापूस मुठीच्या फटीतून दिसायचा आणि ती तो पुन्हा आत ओढून घ्यायची. मूठ उघडली की सोनकीत मागं काही उरत नाही. तिचा जीव तेवढ्यावरच उभा असतो. आणि फार दिवस कोंडलं तर बी पोचट होतं, हेही खरं.

एक दिवस तिनं रजा मागितली.

कुंभोजकर स्वतः तिच्याकडं आले. तिला कार्यालयात जाता येत नाही, म्हणून ते स्टूल घेऊन कडेशी बसले. मुजावर मॅडम मागं उभ्या राहिल्या.

"कारण काय लिहू?" कुंभोजकरांनी विचारलं.

"बाळंतपण," ती म्हणाली.

त्यांचा चेहरा खुलला. प्रसूती रजेची तरतूद चांगली होती आणि ती त्यांना पाठ होती. पण पुढच्याच ओळीवर ते थांबले. दोनपेक्षा जास्त हयात अपत्यं असतील तर ती रजा मिळत नाही.

"किती अपेक्षित आहेत, सोनकीबाई?"

"मोजायची पद्धत नाही आमच्यात."

"तरी अंदाजे."

तिनं एक मूठ त्यांच्या चष्म्याजवळ नेली. कुंभोजकर बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांनी पेनाला टोपण लावलं.

मॅडमनी राजीनाम्याचं विचारलं. कुंभोजकर म्हणाले की राजीनामा दिला तर जागा रिकामी होते, आणि रिकाम्या जागेवर भरती बंद आहे. म्हणजे पुढच्या पावसात त्या कडेवर सोनकी उगवली तर ते अतिक्रमण ठरेल आणि ते उपटून काढण्याचं काम नानांकडं येईल. न सांगता बी सोडून गेली तर ती परागंदा ठरेल. मग लेकींना तर काहीच नाही. स्वेच्छानिवृत्तीला सेवा कमी पडत होती. मागचा खंड माफ झाला होता, पण सेवेत धरला गेला नव्हता.

"लेकींना जागा मिळावी एवढंच आहे माझं," सोनकी म्हणाली. "मला रजा नसली तरी चालेल."

कुंभोजकर स्टुलावरून उठले नाहीत. मग ते खालच्या आवाजात म्हणाले, "एक आहे. कायम कर्मचारी सेवेत असताना वारला, तर वारसाला अनुकंपेवर घेता येतं. भरती बंद असली तरी. मात्र मृत्यू नैसर्गिक पाहिजे."

मॅडम म्हणाल्या की असल्या गोष्टीवर त्या आधी सही करू शकत नाहीत, आणि आदेश तर काढूच शकत नाहीत. "मी तिचं बरं करायला गेले होते, नाना," त्या मला म्हणाल्या. मी म्हणालो, बरंच केलंत, ताई. गावानं तिला असं कधी पाहिलं नव्हतं. ते खरंही होतं.

कुंभोजकर जाताना माझ्या झारीकडं बघून गेले.

सोनकीनं सगळे जाईपर्यंत वाट पाहिली. "नाना, उद्यापासून पाणी देऊ नका," ती म्हणाली. माघ लागला होता. पाऊस नसलेल्या महिन्यात पाणी न मिळणं, याहून सोनकीला नैसर्गिक काही नाही.

दुसऱ्या दिवशी मी पाणी दिलं. त्याच्या दुसऱ्या दिवशीही दिलं. तिनं नुसतं पिऊन घेतलं आणि कंबर सरळ केली.

संध्याकाळी हौसा भाकरी थापत होती. मी तिला सगळं सांगितलं.

"आणि तिनं सांगूनही पाणी घालून आलात," ती म्हणाली.

"हाताला सवय आहे."

"हाताला कशाला नावं ठेवता? तुम्हाला ओळख ठेवणारी पाहिजे." तिनं भाकरी तव्यावर टाकली. "माझ्या माहेरी दरसाल नवी येते. दरसाल आम्ही नव्यानं कौतुक करतो. कुणाला जड गेलं नाही ते. त्या पोरीला पोरी व्हायच्या नाहीत का?"

मी पाटावर सरकून बसलो.

"ओळख ठेवायला मी आहे की," ती म्हणाली. "तुमची झारी कुठं आहे, चष्मा कुठं आहे, तुम्ही कुठं आहात, सगळी ओळख मीच ठेवलीय आजवर. आता जेवा."

त्यानंतर मी झारी शेडमध्ये पालथी घातली. सकाळी कडेशी जाऊन रिकाम्या हातानं बसू लागलो. पहिले काही दिवस मला हातांचं काय करावं ते कळेना. सोनकीला ते समजलं असावं, कारण ती मला मुळाशी साचलेली वाळकी पानं वेचायला सांगे, जी खरं म्हणजे तिला नडत नव्हती. तिची खालची पानं सुकत वर चालली. तरी हजेरी चुकली नाही. कुंभोजकर रोज स्वतः हजेरी घेऊन येत, आणि पिवळा डाग रोज थोडा फिका उमटे.

एक दिवस मी शाळेमागच्या आंब्याची मोहराची डहाळी आणली. तिच्यासमोर धरली.

ती पाहत राहिली. "थट्टा नव्हती तर," ती म्हणाली.

"नव्हती."

"किती बारीक आहेत, नाना. आणि किती एकत्र. आमच्यासारखंच आहे हे." मग ती जरा थांबली. "आमच्यात हे कुणी पाहिलेलं नाही. लेकींना मला सांगता यायचं नाही."

"मी सांगेन," मी म्हणालो.

"त्यांना खरं वाटणार नाही."

"तुलाही वाटलं नव्हतं."

ती हसली असावी. वारं नव्हतं आणि फुलं हलली.

ती गेली त्या सकाळी पठारावरून कोरडा वारा उतरला होता. ऊन वर आलं होतं. कुंभोजकर हजेरी घेऊन आले, मॅडम त्यांच्यासोबत होत्या. सोनकीनं अंगठा उमटवला. डाग दिसेल न दिसेल असा होता, पण कुंभोजकरांनी तो उजेडात धरून पाहिला आणि हजर असं लिहिलं. म्हणजे ती सेवेत होती, याबद्दल वाद नव्हता. मग तिनं माझ्याकडं पाहिलं, मुठी सैल केल्या आणि मान टाकली.

म्हाताऱ्या उठल्या. आधी दोन-चार, मग सगळ्या मुठी एकदम. कडेवर पांढरा धूर उठावा तसं झालं आणि तो धूर बागेवरून तरंगत निघाला. कुंभोजकर उभे राहिले. त्यांना वारसांची नोंद घ्यायची होती आणि वारस डोक्यावरून चालले होते. एक त्यांच्या चष्म्याच्या काडीला अडकली. त्यांनी ती हातानं झटकली नाही. तशाच चष्म्यानं त्यांनी तिचं नाव लिहिलं, सोनकी, आणि नातं लिहिलं, मुलगी. मग मला त्यांच्या डोळ्यांवरचा चष्मा काढायला लावला. मी ती म्हातारी चिमटीत धरून कडेच्या दोन दगडांमध्ये ठेवली.

"बाकीच्यांचं काय करायचं, मॅडम?" त्यांनी विचारलं. "अनुकंपेवर एकीलाच घेता येतं."

मुजावर मॅडम फाटकाबाहेर जाणाऱ्या म्हाताऱ्यांकडं पाहत होत्या.

"लिहा," त्या म्हणाल्या. "उर्वरित वारस जिथं उतरतील, तिथं रुजू झाले असं समजण्यात यावं. बिनपगारी."

कुंभोजकरांनी तसं लिहिलं. मॅडमनी तिथंच, उभ्यानं सही केली.

आषाढात कडेवरची उगवली. भाद्रपद आला तेव्हा ती फुलावर होती, आणि ती एकटीच नव्हती. एसटी स्टँडच्या कौलांवर सोनकी होती. पोस्टाच्या पेटीखाली होती, मशिदीच्या पायऱ्यांच्या कडेला होती, बंद पडलेल्या वजनकाट्यावर होती. शाळेच्या कुंपणावर तर रांगच लागली होती. कुंभोजकरांच्या दारातल्या फरशीच्या फटीतून एक वर आली होती. ते रोज तिला ओलांडून कार्यालयात जात आणि पाय तिच्यापासून लांब टाकत. कुणी एकही उपटली नाही. रुजू झालेल्या माणसाला कामावरून काढायचं तर आधी चौकशी लावावी लागते, आणि चौकशी लावावी असं त्यांच्या कामात कुणाला काही सापडलं नाही. उजाडलं की सगळ्या आपापल्या जागी उभ्या असत, पिवळ्याजर्द. एवढं मोठं गाव इतकं बिनबोभाट कुणी सांभाळताना मी पाहिलं नव्हतं.

आमच्या उंबऱ्याजवळही एक होती. बागेत जायला निघालो आणि ती दिसली. मी उकिडवा बसलो. तिला आंब्याच्या मोहराचं सांगायला सुरुवात केली. अजून पहिलंच वाक्य चाललं होतं, तेवढ्यात हौसा पाण्याची कळशी घेऊन दारात आली.

"उठा," ती म्हणाली. "कामावर आहे ती. सुटल्यावर बोला."

मी उठलो आणि तिची सुटी व्हायची वाट पाहत ओट्यावर बसलो.